आकृतीतला सिलिंडर आणि कॅमेऱ्यातला सिलिंडर

दर पावसाळ्यात, १ जुलैपासून तीन महिने, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र पर्यटकांना बंद असते. एरवी मोहर्ली, कोलारा या प्रवेशद्वारांतून आतबाहेर करणाऱ्या जिप्सी मग चंद्रपूरच्या गॅरेजांत दिसू लागतात. तेल, ब्रेक, एअर फिल्टर, प्लग अशी राहिलेली कामे या दिवसांत उरकली जातात. अशाच एका जिप्सीचे प्लग बदलताना मिस्त्रीने प्लगच्या भोकातून बोअरस्कोप, त्याच्या भाषेत ‘कॅमेरा’, आत सोडला आणि मोबाइलच्या पडद्यावर उमटलेले चित्र गाडीमालकाला दाखवले. राखाडी भिंतीवर वरून खाली गेलेल्या पाच-सहा काळ्या रेघा. गाडीमालक माझ्या ओळखीचा. तो ते चित्र घेऊन आला. “सर, मिस्त्री म्हणते बोअर गेला. इंजिन खोला लागते.” इंजिन खोलायचे म्हणजे हंगामात साठवलेले पैसे त्यात जाणार, आणि नवी जिप्सी तर आता सामान्य ग्राहकाला मिळतच नाही.

मी मिस्त्री नाही. परंतु यंत्रातून मिळालेली चित्रे वाचणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्या नात्याने या चित्राची, आणि त्याच्याबरोबर आपल्या शाळेच्या फळ्यावर निघणाऱ्या इंजिनाच्या आकृतीचीही, थोडी चिकित्सा करावीशी वाटते. पहिल्या चित्राने आपण फसतो त्याला दुसरे चित्र बरेचसे कारणीभूत आहे, असे माझे मत आहे.

आधी उपकरण. अरुंद पोकळीच्या आत डोकावण्याची नळी जुनीच आहे. १९५४ साली हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि मूळचे पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते हे प्रसिद्ध केले आणि ही नळी वाकवता येऊ लागली. गॅरेजातल्या आजच्या स्वस्त बोअरस्कोपात काचतंतूही नसतात. वायरीच्या टोकाशी मटाराएवढा कॅमेरा, त्याच्याभोवती बारीक दिव्यांचे कडे, एवढाच मामला. प्लगच्या आट्यांचा व्यास १४ मिमी आणि कॅमेऱ्याचा साधारण साडेपाच ते सात, त्यामुळे तो सहज आत उतरतो.

गोची आहे ती त्या दिव्यांच्या कड्यात. पौर्णिमेच्या चंद्रावरची विवरे दुर्बिणीतून सपाट दिसतात, तर अष्टमीच्या चंद्रावर, उजेड-अंधाराच्या सीमेपाशी, तीच विवरे उठून दिसतात. कारण पौर्णिमेला प्रकाश आपल्या पाठीमागून पडतो आणि सावल्या आपल्याला दिसत नाहीत. बोअरस्कोपात नेमकी पौर्णिमाच असते. दिवे भिंगाला लागूनच असल्याने पृष्ठभागाच्या खाचांची सावली कॅमेऱ्याला जवळजवळ दिसतच नाही. मग भिंतीवरची काळी रेघ म्हणजे कोरलेली खाच की नुसता तेलाचा ओघळ, हे एका स्थिर चित्रावरून सांगायचे कसे? डोळे दोन असते तर खोलीचा अंदाज आला असता, पण कॅमेऱ्याला डोळा एकच.

दुसरी उणीव मापाची. आपल्या सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत कोपऱ्यात मोजपट्टी असते, ती नसेल तर परीक्षक निबंध परत पाठवतो. गॅरेजातल्या चित्रात ती नसते. केसाएवढी, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक, रेघ जवळून घेतली आणि पडद्यावर पसरली की कालव्यासारखी दिसते. रंगाचेही तसेच. कॅमेरा उजेड आपोआप कमी-जास्त करतो, म्हणून एकाच दट्ट्यावरचा काजळीचा थर एका चित्रात काळाकुट्ट तर दुसऱ्यात राखी दिसतो.

मग असे चित्र इतके पटते का? कारण सिलिंडर कसा असावा याची एक प्रतिमा शाळेपासून आपल्या मनात बसलेली असते. चार आघातांच्या इंजिनाची आकृती आठवून पाहा. दोन समांतर रेघा म्हणजे भिंती, मधे आयत म्हणजे दट्ट्या, वर दोन झडपा आणि एक प्लग. आघातांचा क्रम शिकवण्यापुरती ती उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या स्वच्छ रेघांमधून विद्यार्थी आणखी एक गोष्ट शिकतो, जी कोणी शिकवलेली नसते: चांगला सिलिंडर आरशासारखा गुळगुळीत असतो आणि त्यावरची प्रत्येक खूण म्हणजे बिघाड. हे चूक आहे. नव्या सिलिंडरची भिंत मुद्दाम खरवडलेली असते. होनिंग नावाच्या क्रियेत तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा पाडतात. त्या रेघांत तेल धरून राहते आणि रिंगा कोरड्या घासत नाहीत. उलट भिंत झिजून चकचकीत झाली तर तेल टिकत नाही. म्हणजे कॅमेऱ्यात जाळीदार रेघा दिसणे ही आनंदाची बातमी. काळजी करायची ती उभ्या रेघांची, कारण त्या दट्ट्याच्या वाटेने जातात. आकृतीत तेलाचा थरही नसतो, रिंगेच्या टोकांमधली फटही नसते. ‘सिलिंडरची भिंत आरशासारखी का नसते?’ हा प्रश्न मी अजून एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही.

उभ्या रेघा या भागात अगदी अशक्य नाहीत. जंगलातले रस्ते कच्चे, पुढच्या गाडीची धूळ मागची गाडी ओढते. धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात आणि ते ओतीव लोखंडाहून कठीण. एअर फिल्टर नीट बसला नसेल तर ते थेट आत जातात. शिवाय सफारीची गाडी हळू चालते, थांबते, पुन्हा निघते. प्लगच्या टोकावरची काजळी जळून जायला ते साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागते, आणि अशा चालीत ते पुरेसे तापत नाही. त्यामुळे काळा प्लग आणि काळा दट्ट्या पाहून लगेच घाबरण्याचे कारण नसते. उलट एकच दट्ट्या धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर मी जास्त घाबरेन, कारण तिथे बहुधा थंड करणारे पाणी गळून वाफ होत असते. असे काही दाखवण्यात बोअरस्कोप खरोखर वाकबगार आहे. झडपेची जळलेली कड, दट्ट्याला पडलेले भोक, आत पडलेला नटाचा तुकडा, हे त्यात एका नजरेत कळते. फोड करून सांगायचे तर, ‘काय आहे’ हे तो बरे सांगतो, ‘किती आहे’ हे सांगत नाही.

आमच्या जिप्सीचे काय झाले? मिस्त्री समंजस होता. त्याला एवढेच सुचवले की, कॅमेरा काढून घ्यावा, इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवावे आणि तीच जागा पुन्हा पाहावी. ओरखडा जागा सोडत नाही, ओघळ सोडतो. पाच-सहा रेघांपैकी बहुतेकींनी जागा बदलली किंवा त्या पुसट झाल्या. एक मात्र तिथेच राहिली. म्हणजे मिस्त्री पूर्ण चुकला नव्हता. मग दाबमापक लावून चारही सिलिंडरांचा दाब घेतला. आकडे एकमेकांच्या जवळ निघाले. एखादा कमी निघाला असता तर त्यात थोडे तेल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा भिंतीचा, न वाढला तर बहुधा झडपांचा. चित्र जे सांगू शकत नाही ते हा चमचाभर तेलाचा प्रयोग सांगतो. नवे प्लग बसले, फिल्टरच्या डब्याचे फाटलेले रबर बदलले, इंजिन खोलले नाही. ती एक रेघ पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाहायची आहे.

गडचिरोलीकडचे शिक्षक म्हणतील, आमच्याकडे चारचाकी बहुतेक डिझेलच्या, त्यांना प्लग कुठून आणायचा? खरे आहे. पण शाळेच्या अंगणात एखादी जुनी स्प्लेंडर उभी असतेच. तिच्या प्लगचा व्यास १० मिमी, साडेपाच मिमीचा कॅमेरा त्यातून जातो. सिलिंडरचा व्यास ५० मिमी, दट्ट्याचा प्रवास ४९.५ मिमी. यावरून मुलांना घनफळ काढायला सांगा, उत्तर ९७.२ घन सेंटिमीटर येते. मग वहीत दोन रकाने आखून एकात ‘दिसले’ आणि दुसऱ्यात ‘वाटले’ लिहू द्या. ‘काळी उभी रेघ’ पहिल्या रकान्यात, ‘ओरखडा’ दुसऱ्यात. वाद होईल, होऊ द्या.

इंजिन पूर्ण थंड असावे, किल्ली काढून खिशात ठेवावी, आणि कॅमेऱ्यावर बसवायचा आरसा सैल असेल तर तो आत न्यायचाच नाही. प्लग काढण्यापूर्वी त्याच्या भोवतीची धूळ सायकलच्या पंपाने उडवून लावावी, नाहीतर तीच सिलिंडरमध्ये पडते.