मुक्तस्रोत मेल सर्व्हर आणि स्वयंचलित पॅकेज-भांडारे : क्यूमेलच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
मुक्तस्रोत मेल सर्व्हर बसविणे हे एकेकाळी जाणकाराचेच काम होते. मूळ संहिता उतरवून संकलित करणे, वापरकर्ते व निर्देशिका निर्माण करणे, प्रत्येक प्रक्रियेला मर्यादा घालणे ही सर्व कामे हाताने करावी लागत. पॅकेज-भांडारांनी ती एका आज्ञेवर आणली. भांडाराची यंत्रणा संहितेपासून पॅकेज बांधते, त्याची सूचीत नोंद करते व त्या सूचीवर डिजिटल स्वाक्षरी होते. वापरकर्त्याचा संगणक स्वाक्षरी पडताळूनच पॅकेज स्वीकारतो. ही सोय निर्विवाद आहे. तथापि संहितेबरोबर तिच्या लेखकाची गृहीतकेही वापरकर्त्यापर्यंत पोहोचतात काय, हा प्रश्न उरतोच.

क्यूमेलचे उदाहरण :
डॅनियल जे. बर्नस्टाईन यांनी क्यूमेलची १.०३ ही आवृत्ती १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यापूर्वीच, १९९७ मध्ये, त्यांनी सुरक्षादोष दाखविणाऱ्यास ५०० डॉलरचे पारितोषिक जाहीर केले होते. बदललेली प्रत वितरित करण्यास त्यांची अनुमती नव्हती. त्यामुळे डेबियनच्या भांडारात क्यूमेल तयार स्वरूपात मिळत नसे. वापरकर्त्याने ते स्वतः संकलित करावे लागे. नोव्हेंबर २००७ मध्ये त्यांनी ते सार्वजनिक मालकीचे केले आणि भांडारांचा मार्ग मोकळा झाला.

दरम्यान २००५ मध्ये जॉर्जी गुनिन्स्की यांनी ६४-बिट संगणकांवरील पूर्णांक-मर्यादा ओलांडली जाण्याचे दोष दाखवून दिले होते. एका क्यूमेल-एसएमटीपीडी प्रक्रियेला कोणी कित्येक गिगाबाइट स्मृती देत नाही, सबब धोका नाही, असा बर्नस्टाईन यांचा युक्तिवाद होता. मे २०२० मध्ये क्वालिस या संस्थेच्या संशोधकांनी अनेक पॅकेजे तपासली. त्या सर्वांत क्यूमेल-एसएमटीपीडीच्या स्मृतीवर मर्यादा होती. क्यूमेल-लोकलच्या स्मृतीवर मात्र एकाही पॅकेजात नव्हती. याच वाटेने डेबियनवरील क्यूमेलवर दूरस्थ हल्ला शक्य असल्याचे त्यांनी सिद्ध केले. त्यानंतर डेबियनने दुरुस्त पॅकेज उपलब्ध करून दिले.

मूल्यमापन :
येथे स्वाक्षरी खरी होती, बांधणीही बिनचूक होती. उणीव होती ती सुरक्षिततेच्या अटीची. स्वाक्षरी पॅकेजचे मूळ सिद्ध करते, त्याचा निर्दोषपणा नव्हे. दोष केवळ भांडारांच्या माथी मारणेही न्याय्य ठरणार नाही. संहितेत तपासणी घालण्याऐवजी लेखकाने ती परिस्थितीवर सोपविली, आणि बांधणी स्वयंचलित झाल्यावर एकदा राहिलेली उणीव प्रत्येक नव्या स्थापनेत उतरत गेली. उलटपक्षी, दुरुस्तीही त्याच भांडारातून एका आज्ञेसरशी पोहोचली. हाताने संकलित केलेल्या सर्व्हरांना असा वाटाड्या नसतो.

निष्कर्ष :
भांडाराचे व्यवस्थापन म्हणजे केवळ बांधणीचा वेग राखणे नव्हे. लेखकाचे प्रत्येक सुरक्षा-गृहीतक चाचणीच्या रूपाने लिहिले जावे आणि ती अनुत्तीर्ण झाल्यास पॅकेज भांडारात घेऊ नये. बसविलेल्या पॅकेजची चाचणी घेणारी ऑटोपीकेजीटेस्ट ही यंत्रणा डेबियनकडे आहे. परंतु कशाची चाचणी घ्यावी, हे माणसालाच ठरवावे लागते. पंधरा वर्षे हुकले ते नेमके हेच.