मोर्चातील स्त्रियांचे गाणे : मराठवाड्यातील सद्यःस्थिती

लातूर जिल्ह्यातील मुरुड आणि त्याच्या आसपासच्या मुलखात स्त्रिया एकत्र गातात तेव्हा किती शिस्तीने गातात, हे ज्याने नागपंचमीचा फेर पाहिला आहे त्याला निराळे सांगावे लागत नाही. आणि तरीही याच स्त्रिया आठ मार्चला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, अथवा दारूचे, रेशनचे, पाण्याचे गाऱ्हाणे घेऊन तहसील कचेरीवर चालून जातात तेव्हा त्यांच्या या अंगभूत कलेला मोर्चात बहुधा थारा नसतो. येथील मोर्चाकलेची ही सर्वांत मोठी उणीव होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोर्चात कलेचे प्रयोजन काय, हा प्रश्न महाराष्ट्रात केव्हाच निकालात निघाला आहे. १९७२ मध्ये मुंबईत महागाईविरोधी महिला समितीने मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली लाटणी आणि थाळ्या रस्त्यावर आणल्या, तेव्हा रिकाम्या थाळीचा नाद हाच अर्ज ठरला. १९८३ पासून ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ स्त्री मुक्ती संघटनेने गावोगाव नेले. याच्या अगदी उलट टोकास २०१६ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादेतून निघालेला मराठा क्रांती मूक मोर्चा : अग्रभागी मुली, आणि त्यांच्यामागे घोषणेवाचून चालणारा प्रचंड समुदाय. ते मौन परिणामकारक होते यात शंका नाही. परंतु मौनाला वजन येते ते संख्येमुळे, आणि तालुक्याच्या कचेरीसमोर उभ्या राहिलेल्या पन्नास बायांना ते परवडणारे नाही. त्यांना आवाजच हवा.

आज तो आवाज भाड्याचा असतो. पुढे टेम्पोवरील ध्वनिक्षेपक ध्वनिमुद्रित गीते वाजवितो, त्यामागे जिजाऊ आणि सावित्रीबाईंच्या वेषातील मुली ट्रॉलीवर निश्चल उभ्या असतात, आणि ज्यांच्या नावाने मोर्चा निघाला त्या शेतमजूर बाया मुकाट्याने चालत राहतात. शाळकरी मुलींचे लेझीम तेवढे मनापासून पाहावे असे असते, कारण तेथे अंग, ताल आणि चाल एकजीव झालेली असते.

वास्तविक फेराची रचनाच मोर्चाला साजेशी आहे. एकीने ओळ उचलावी, इतरींनी ती झेलावी, टाळी आणि पाऊल एकाच ठेक्यावर पडावे, आणि मधेच कोणी नवी ओळ जोडली तरी फेर मोडू नये, अशी ही व्यवस्था असल्यामुळे त्यात निव्वळ श्रोता असा कोणी उरतच नाही. फेर एका जागी धरावा लागतो, मोर्चा तर पुढे सरकतो, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर तुळजाभवानीच्या आराधिनींनी कधीच देऊन ठेवले आहे. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी घेऊन जोगवा मागणारी आराधीण दारोदार चालते, उंबऱ्यापाशी थांबून गाते, आणि पुन्हा चालू लागते. चौक हा मोर्चाचा उंबराच होय.

आशयाची वाणही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या आहेत. ज्या बाईने दळताना राजकीय विचार ओवीत बसविला, तिला घोषणा लिहून देणारे आपण कोण? घोषणा आयती मिळते. ओवीत मात्र सोसणारीच बोलते, आणि गावचा बंद पडलेला हातपंप किंवा दुकानदाराने अडविलेले धान्य नावानिशी सांगते.

म्हणून माझी सूचना इतकीच की, आयोजकांनी मार्गावरील तीन-चार चौकांत ध्वनिक्षेपक बंद ठेवून तेथे फेर धरू द्यावा. त्याची तालीम मात्र आदल्या दिवशी होणारी नव्हे. ती श्रावणातच, म्हणजे सोयाबीनच्या खुरपणीच्या ऐन दिवसांत घ्यावी लागेल. तेव्हा टेम्पोच्या भाड्यासाठी गोळा होणारी वर्गणी या बायांच्या एसटीच्या तिकिटावर आणि बुडालेल्या रोजावर खर्चावी, आणि तशी तजवीज पुढच्या बैठकीतच व्हावी.