सुरक्षित अंतर आणि उदात्ताचे गद्य

प्रवासवर्णनाचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा दोन प्रश्नांपाशी घुटमळते. लेखकाचे व्यक्तिमत्त्व लेखनात कितपत उतरले आहे, हा एक. आणि स्थळाचे चित्रण कितपत प्रत्ययकारी झाले आहे, हा दुसरा. हे प्रश्न गैरलागू नाहीत. पण पाहणारा नेमका कोठे उभा आहे, त्या जागी त्याला कोणी उभे केले आहे आणि त्याच्यातले व दृश्यातले अंतर कोणी आखून दिले आहे, हा प्रश्न त्यांच्या आड राहून जातो. प्रस्तुत लेखात तो अमेरिकेतील दोन पर्यटनविषयांच्या आधारे उपस्थित करावयाचा आहे : फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर अग्निबाणाचे उड्डाण पाहावयास जाणे, आणि राष्ट्रीय उद्यानातील निसर्ग पाहावयास जाणे. प्रवासवर्णनांत या दोहोंना बहुधा स्वतंत्र प्रकरणे मिळतात. पहिल्यात विज्ञानाचा जयजयकार असतो, दुसऱ्यात माणसाच्या क्षुद्रतेची जाणीव. ही विभागणी वरवरची आहे. दोहोंमागची निवेदनरीत एक आहे, आणि तिचा दोषही एकच आहे, असे माझे म्हणणे आहे.

उदात्ताची चर्चा करताना कांटने १७९० मध्ये एक अट घातली होती. कोसळू पाहणारे कडे, वादळी मेघ, ज्वालामुखी, खवळलेला समुद्र यांचे सामर्थ्य आपल्याला भयचकित करते आणि त्याच वेळी आपल्यातील एका वेगळ्या सामर्थ्याची ओळख करून देते. मात्र पाहणारा सुरक्षित ठिकाणी असला पाहिजे. मराठीत रा. भा. पाटणकरांच्या ‘कांटची सौंदर्यमीमांसा’ (१९७७) या ग्रंथामुळे हा विचार आपल्या अभ्यासकांना परिचित आहे. कांटच्या विवेचनात ही अट जवळजवळ जाता जाता येते. सुरक्षित ठिकाण म्हणजे काय, ते कोणाच्या मालकीचे असते, तेथे पोचण्यासाठी कोणाला बाजूला सरावे लागते, हे प्रश्न त्याला पडण्याचे कारण नव्हते. आज त्या ठिकाणाला कठडा असतो, वाहनतळ असतो आणि प्रवेशपत्रही असते. डेव्हिड नाय यांनी ‘अमेरिकन टेक्नॉलॉजिकल सब्लाइम’ (१९९४) या ग्रंथात पूल, रेल्वे, गगनचुंबी इमारती यांच्यापासून अणुबाँब आणि अपोलो ११ पर्यंतचा इतिहास मांडला. निसर्गापुढे नमणारी भावना अमेरिकन समाजाने यंत्राकडे कशी वळवली, याचे ते विवेचन मोलाचे आहे. तरी त्यांचे मुख्य लक्ष समूहाच्या भावनेकडे आहे. त्या भावनेला घाट देणाऱ्या गद्याकडे आपल्याला वेगळ्याने वळावे लागेल.

१६ जुलै १९६९ रोजी सकाळी ९ वाजून ३२ मिनिटांनी अपोलो ११ चे उड्डाण झाले. सुमारे दहा लाख माणसे आसपासच्या रस्त्यांवर आणि किनाऱ्यांवर जमली होती. वार्ताहरांची जागा प्रक्षेपणमंचापासून साधारण साडेतीन मैलांवर होती. हे अंतर ध्वनीला कापावयास सोळाएक सेकंद लागतात. यंत्रांचे प्रज्वलन उड्डाणाच्या सुमारे नऊ सेकंद आधी होत असल्यामुळे ३६३ फूट उंचीचा तो सॅटर्न अग्निबाण जमीन सोडतो, वर चढू लागतो, आणि प्रेक्षकाच्या कानांवर अजून काहीच आलेले नसते. डोळ्यांचा अनुभव आणि कानांचा अनुभव यांत फट पडते, आणि ती फट सुरक्षित अंतराने निर्माण केलेली असते. येथे अंतर हे अनुभवाचे केवळ निमित्त राहत नाही. अनुभवाची रचनाच ते ठरवते.

ही गोष्ट गद्यात पकडणारा लेखक म्हणजे नॉर्मन मेलर. ‘ऑफ अ फायर ऑन द मून’ (१९७०) या पुस्तकात तो स्वतःला तृतीयपुरुषात ‘अ‍ॅक्वेरियस’ म्हणतो. हे आत्मकौतुक अनेकांना खटकले, आणि ते अनेकदा खटकण्यासारखे आहेही. पण उड्डाणाच्या प्रसंगी या युक्तीचा एक अनपेक्षित लाभ होतो. शांतपणे वर चढणाऱ्या शुभ्र आकाराने मेलरला मेल्व्हिलचा पांढरा देवमासा आठवतो. म्हणजे जोवर आवाज पोचलेला नाही, तोवर साहित्याची स्मृती आणि उपमा काम करीत राहतात. मग ध्वनी येतो, आणि शब्दांचा एवढा धनी असलेला हा लेखक देवाचे नाव घेत तेच ते उद्गार पुन्हा पुन्हा काढताना स्वतःलाच ऐकतो. बोलणारा मेलर आणि ऐकणारा मेलर असे दोघे तेथे वेगळे होतात. तृतीयपुरुषी निवेदन नसते तर हे उद्गार केवळ भावविवशता ठरले असते.

याहून महत्त्वाची बाब पुस्तकाच्या बांधणीत आहे. हार्वर्डमध्ये अभियांत्रिकी शिकलेला हा कादंबरीकार पहिल्या भागात प्रेक्षकाच्या जागेवरून उड्डाण सांगतो आणि दुसऱ्या भागात तीच मोहीम पुन्हा, यंत्राच्या अंगाने सांगतो. एकच घटना दोनदा सांगावी लागणे ही एक कबुलीच आहे. साडेतीन मैलांवरून जे दिसले त्यात घटना मावत नाही, हे त्याला कळले होते. प्रवासवर्णनात असा दुसरा भाग सहसा नसतो. तेथे एक दृश्य, त्यावर एक उपमा आणि एक चिंतन असा त्रिदल घाट ठरून गेलेला असतो. (आपल्याकडे त्या चिंतनात पुष्कळदा उपनिषदेही येतात.)

निसर्गोद्यानांच्या लेखनात हे संकट अधिक बिकट आहे. वॉकर पर्सी यांचा ‘द लॉस ऑफ द क्रीचर’ हा निबंध (‘द मेसेज इन द बॉटल’, १९७५) या संदर्भात अटळ ठरतो. १५४० मध्ये गार्सिया लोपेझ दे कार्देनास याच्यासमोर ग्रँड कॅन्यन अचानक उघडली. आजच्या प्रवाशासमोर ती तशी उघडू शकत नाही, कारण चित्रे, माहितीपत्रके आणि ‘ग्रँड कॅन्यन’ हे नावच त्याच्या आधी तेथे पोचलेले असते. दरी कल्पनेतल्या चित्रासारखी दिसली की तो तृप्त होतो, तशी दिसली नाही तर हळहळतो. पर्सी यांचे हे निदान मार्मिक आहे. परंतु त्यांच्या आरंभबिंदूत एक गफलत आहे. कार्देनासला त्या दरीच्या काठावर नेणारे वाटाडे होपी होते. त्यांच्यासाठी ती दरी कधीच अचानक उघडलेली नव्हती. निर्भेळ प्रथमदर्शनाची कथा सांगण्यासाठी पर्सी यांनाही आधी ती जागा निर्मनुष्य करावी लागली.

निर्मनुष्य करणे हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. विल्यम क्रोनन यांनी १९९५ मधील आपल्या गाजलेल्या निबंधात दाखवले, की अमेरिकेतील ‘अस्पर्श’ अरण्य ही कल्पना तेथील मूळ रहिवाशांना हटवल्यानंतर आकाराला आली. १८७२ मध्ये घोषित झालेले यलोस्टोन असो वा योसेमिटी, तेथील एकांत हा ऐतिहासिक कृतीचा परिणाम आहे. हे सूत्र अग्निबाणाच्या किनाऱ्याला लावून पाहिले की यंत्र आणि निसर्ग या दोन प्रकरणांतली भिंत ढासळते.

१९६० नंतर मेरिट बेटावरील वस्त्या आणि संत्र्यांच्या बागा अवकाशकेंद्रासाठी संपादन करण्यात आल्या. मंचाभोवती मोठा रिकामा पट्टा आवश्यक होता. प्रत्यक्ष कामाला न लागणाऱ्या त्या जमिनीवर १९६३ मध्ये वन्यजीव आश्रयस्थान स्थापन झाले, आणि १९७५ मध्ये कॅनाव्हेरलचा राष्ट्रीय सागरकिनारा. सुमारे १,४०,००० एकरांच्या आश्रयस्थानात आज पाणपक्षी पाहावयास माणसे जातात आणि त्याच पुळणीवरून उड्डाणेही पाहतात. तेथील निसर्ग आणि तेथील यंत्र एकाच सुरक्षित अंतराची अपत्ये आहेत. हा भूभाग पाहून आलेल्या प्रवाशाने दोन प्रकरणे लिहिली, तर त्याने एकच जागा दोनदा पाहिली आणि तरी ती पाहिलीच नाही, असे म्हणावे लागेल.

याच बेटावरील खाजणांत काळपट रंगाची एक चिमणी राहत असे. तिला ‘डस्की सीसाइड स्पॅरो’ म्हणत. डासांचा बंदोबस्त करण्यासाठी १९५० च्या दशकापासून तेथील खाजणे बांध घालून पाण्याखाली ठेवण्यात आली. याचा आरंभ अवकाशकेंद्राच्या आधी झाला होता हे खरे. परंतु डासांनी भरलेल्या बेटावर केंद्राचे काम चालणे अवघड होते, आणि ती व्यवस्था पुढे चालू राहिली. सेंट जॉन्स नदीकाठचा तिचा दुसरा आसरा पाण्याचा निचरा आणि रस्ते यांनी नष्ट केला. अखेरीस जे मोजके पक्षी हाती लागले ते सगळे नर होते. त्यांपैकी शेवटचा १७ जून १९८७ रोजी डिस्नी वर्ल्डमधील एका प्राणिसंग्रहात मेला. पर्यटनाच्या एका स्थळी जागा गमावलेला जीव दुसऱ्या पर्यटनस्थळी संपला. एखाद्या कादंबरीकाराने असा शेवट योजला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

अशा चिमणीचे स्थान उदात्ताच्या गद्यात कोठे? ती मोठी नाही, तिचा आवाज साडेतीन मैल जात नाही, आणि तिला पाहण्यासाठी खाजणात, अंतर मोडून, शिरावे लागते. उदात्ताचे निवेदन तिला सामावू शकत नाही, याचे कारण लेखकाची निष्ठुरता नव्हे. उभे राहण्याची जागाच तशी निवडलेली असते.

आपल्याकडेही याचे प्रतिबिंब आहे. श्रीहरिकोटा हे बेट पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्या मध्ये आहे. एका बाजूला रोहित पक्ष्यांचे थवे, दुसऱ्या बाजूला प्रक्षेपणमंच. १९७० च्या सुमारास तेथील यानादी आदिवासींना बेटावरील आपली जागा सोडावी लागली; १९७१ मध्ये पहिला अग्निबाण उडाला; २०१९ पासून सामान्य प्रेक्षकांसाठी गॅलरी आहे. या गॅलरीतून लिहिले जाणारे मराठी गद्य कोणत्या वळणाचे असेल, याचा अंदाज मला फारसा उत्साहवर्धक वाटत नाही.

तरी याहून वेगळे लेखन शक्य आहे, याची दोन उदाहरणे आहेत. ओरियाना फाल्लाची यांचे ‘इफ द सन डाइज’ (मूळ इटालियन १९६५) हे पुस्तक वडिलांना उद्देशून आहे. अवकाशयुगाने भारावलेली मुलगी आणि माती, झाडे यांपासून न हलणारा बाप, असा तो संवाद आहे. बाप बहुतेक वेळ दूर असतो, तरी त्याचा आक्षेप प्रत्येक पानाआड उभा असतो. यंत्र आणि निसर्ग यांची दोन प्रकरणे येथे होऊच शकत नाहीत, कारण लेखनाचे रूपच वादाचे आहे.

दुसरे उदाहरण मार्गारेट लाझारस डीन यांच्या ‘लीव्हिंग ऑर्बिट’चे (२०१५). २०११ मध्ये संपलेल्या शटल-कार्यक्रमाच्या अखेरच्या उड्डाणांसाठी त्या टेनेसीहून मोटारीने फ्लॉरिडाला पुनःपुन्हा जातात. मेलर आणि फाल्लाची त्यांच्यासोबत वाचनाच्या रूपाने आहेत. डिस्कव्हरीचे अखेरचे उड्डाण नोव्हेंबर २०१० चे फेब्रुवारी २०११ वर गेले. एंडेव्हरचे २९ एप्रिलला रद्द होऊन १६ मे रोजी झाले. पर्सी यांना हरवल्यासारखी वाटलेली अनिश्चितता येथे रद्द होणाऱ्या उड्डाणाच्या रूपाने परत येते. दरी रद्द होत नाही, अग्निबाण होतो. म्हणून वाट पाहणे हा या लेखनाचा खरा विषय बनू शकतो. वाट पाहताना माणूस आजूबाजूला पाहतो, आणि मग काम जाणार असलेले कर्मचारी त्याला भेटतात. मेलरला स्वतःपलीकडे जाणे जड गेले, ते डीन यांना जमले आहे. अलीकडे मात्र उड्डाणांची संख्या इतकी वाढली आहे (२०२४ मध्ये त्या किनाऱ्यावरून नव्वदहून अधिक झाली), की हेही लेखन लवकरच एका संपलेल्या काळाचे होईल.

मराठीपुरती एक भाषिक नोंद करून थांबतो. आपल्या प्रवासवर्णनांत पाहण्याची दोन क्रियापदे राबतात : ‘मी दरी पाहिली’ आणि ‘मला दरी दिसली’. पहिल्यात कर्तृत्व प्रवाशाचे, दुसऱ्यात दृश्याचे. व्यक्तिमत्त्व आणि स्थळ हे आपल्या समीक्षेचे दोन प्रश्न जणू या दोन रचनांतूनच आले आहेत. वस्तुस्थितीला अनुरूप तिसरे क्रियापद आपल्यापाशी आहे, पण ते वाक्यात येते तेव्हा बहुधा कर्ता गाळून येते : ‘आम्हाला दरी दाखवली’, ‘उड्डाण येथून दाखवतात’. कोणी दाखवली, हे सांगण्यास मराठी व्याकरणाची काहीच हरकत नाही.