स्वमग्न स्त्रीचे आत्मकथन : संसाधन म्हणून एक चिकित्सा

‘ऑटिझम’साठी मराठीत ‘स्वमग्नता’ ही संज्ञा रूढ झाली आहे. इतरांकडे पाठ फिरवून स्वतःतच बुडालेले मूल तीतून डोळ्यांपुढे येते आणि ते मूल बहुधा मुलगाच असते. या प्रतिमेला इतिहास आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये नोंदविलेल्या ११ मुलांमध्ये मुली अवघ्या ३ होत्या. हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ मध्ये सविस्तर वर्णिलेले चौघेही मुलगे होते. मुलग्यांवरून लक्षणे ठरली, त्याच लक्षणांनी मुली शोधल्या गेल्या आणि साहजिकच त्या कमी सापडल्या. ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये घेण्यात आला, तेव्हा ४ : १ मानले गेलेले मुलगे-मुलींचे प्रमाण ३ : १ च्या जवळ असल्याचे दिसून आले.

या पार्श्वभूमीवर लिआन हॉलिडे विली या अमेरिकन लेखिकेचे ‘प्रिटेंडिंग टू बी नॉर्मल’ (१९९९) हे आत्मकथन महत्त्वाचे ठरते. मुलीच्या निदानानंतर लेखिकेला स्वतःची ओळख पटली. लहानपणी ती इतरांचे उच्चार, हावभाव हुबेहूब उचलत असे. ही मुलगी स्वतःत मग्न नव्हे, इतरांच्या निरीक्षणात मग्न आहे; म्हणजे आपली संज्ञाच येथे अपुरी पडते. वेड पांघरून पेडगावला जाणारे मराठीला ठाऊक आहेत. शहाणपण पांघरून जगणाऱ्यांसाठी मात्र वाक्प्रचार नाही! या सोंगाची किंमत ग्रंथातील विद्यापीठीय जीवनाच्या वर्णनात उघड होते. गर्दी, गोंगाट, वाटा चुकणे, एकटेपण. बुद्धी शाबूत असूनही विद्यार्थिनी खचत जाते.

ग्रंथाचे खरे मोल त्याच्या परिशिष्टांत आहे. त्यांपैकी एक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेले आहे. आत्मकथन सहानुभूतीपाशी न थांबता वापरण्याजोगे साधन होते, हे त्याचे यश होय. तथापि, येथेच त्याची मर्यादाही जाणवते. हे सल्ले अमेरिकेतील समुपदेशनाची व साहाय्याची व्यवस्था गृहीत धरतात. शिवाय आपली अडचण उघड सांगण्याचे स्वातंत्र्य त्यांत अध्याहृत आहे. ज्या घरात मुलीच्या निदानापेक्षा तिच्या लग्नाची चिंता मोठी असते, तेथे हे स्वातंत्र्य कोठून यावे? मुलीचे गप्प राहणे, खाली पाहणे आपल्याकडे ‘वळण’ म्हणून वाखाणले जाते. हा पदर विलींच्या ग्रंथात येणे शक्यच नव्हते.

भारतीय साधनांकडे पाहता हीच अडचण वेगळ्या रूपात भेटते. २००९ च्या ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’मध्ये ४० बाबी असून ७० ही स्वमग्नतेची किमान गुणसंख्या आहे. नजर टाळणे ही त्यांतील पहिलीच बाब. प्रयत्नपूर्वक नजर मिळवायला शिकलेली तरुणी येथे कमी गुण मिळवील आणि त्याची झळ तिलाच बसेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने स्वमग्नतेचा समावेश केला आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागाही राखून ठेवल्या आहेत. मात्र त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित असावे लागते. सोंग जितके उत्तम वठेल, तितके हे प्रमाणपत्र दूर जाते. वर्गात शेवटच्या बाकावर बसून नीटनेटकी टिपणे काढणारी, तोंडी परीक्षेला मात्र अनुपस्थित राहणारी विद्यार्थिनी त्यामुळे कोणत्याच नोंदवहीत येत नाही.