एबेट्स फील्डची छापील चित्रे

ब्रुकलीनमधील एबेट्स फील्ड हे बेसबॉलचे क्रीडांगण १९१३ मध्ये खुले झाले. १९५७ च्या हंगामानंतर तेथील डॉजर्स संघ लॉस एंजेलिसला गेला आणि १९६० मध्ये क्रीडांगण पाडण्यात आले. आज ते घरोघरी दिसते ते भिंतीवर लावावयाच्या छापील चित्रांतून. (यांस ‘भित्तिचित्रे’ म्हणणे योग्य नव्हे. अजिंठ्यास लागू पडणारा तो शब्द भिंतीवरच रंगविलेल्या चित्रासाठी राखून ठेवावा.)

या चित्रांचा साचा बहुधा ठरलेला असतो. विटांची वळणदार दर्शनी भिंत, कमानींची ओळ, तपकिरी छटा आणि खाली ठसठशीत अक्षरांत नाव व १९१३ हे साल. कागद नवा, पण त्याचे पिवळेपण व घड्यांच्या खुणा छापलेल्या. यात फसवणूक आहे असे मी मानीत नाही. गद्यात हेतुपुरस्सर आर्ष रूप योजावे, तसाच हा प्रकार असून तो ग्राहकास ठाऊक असतो. आक्षेप आहे तो निवडीवर.

वस्तुतः हे क्रीडांगण आतून लिपीने भरलेले होते. उजव्या अंगाच्या धावफलकावर ‘शेफर’ या बिअरची जाहिरात असे. फलंदाजास फटक्याचे श्रेय मिळाले की त्या नावातील ‘एच’ उजळे. क्षेत्ररक्षकाची चूक ठरली की ‘ई’. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबावे. रोमन लेखनात या नावारंभीच्या ‘एस’, ‘सी’ व ‘एच’ या तीन अक्षरांचा मिळून एकच ‘श’ होतो. ‘एच’ला तेथे स्वतःचा उच्चारच नाही. उच्चारात मूक असलेले ते अक्षर प्रकाशात मात्र सबंध वाक्याचे काम करी, आणि हजारो प्रेक्षक ते एकाच क्षणी वाचीत. त्याच फलकाच्या पायथ्याशी एब स्टार्क या कपडेविक्रेत्याची पाटी होती: जो फलंदाज तीवर चेंडू मारील त्यास एक सूट बक्षीस. दर्शनी भिंतीच्या चित्रात यांतील एकही अक्षर उरत नाही. उरते ते केवळ नाव व साल, म्हणजे थडग्यावर कोरावा तेवढाच मजकूर.

आणि ते सालही विचार करावयास लावणारे आहे. १९१३ मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूस मेजर लीगचे दार बंद होते. ते उघडले १५ एप्रिल १९४७ रोजी, याच मैदानावर, जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून उतरले तेव्हा. ज्या घटनेमुळे या जागेस इतिहासात स्थान मिळाले तिच्या चौतीस वर्षे आधीच हे चित्र घड्याळ थांबविते. जुनेपणाची ओढ येथे निरागस राहत नाही. नकळत ती दार बंद असतानाच्या काळाची ओढ होते. उलट, न्यूयॉर्कमध्येच २००९ साली खुल्या झालेल्या सिटी फील्डचे प्रवेशदालन पाहावे. तेही एबेट्स फील्डच्या धर्तीवरच बांधलेले, म्हणजे नक्कलच; परंतु त्यास रॉबिन्सन यांचे नाव आहे.

मैदानाची आतील बाजू, धावफलकासह, दाखविणारी काही चित्रे मिळतात. रेखाटन सामान्य असूनही मी ती श्रेष्ठ मानतो. पाडकामाची चित्रे मात्र या वर्गात क्वचितच आढळतात. वास्तविक १९६० च्या फेब्रुवारीत इमारतीवर आदळलेला लोखंडी गोळा बेसबॉलच्या चेंडूप्रमाणे रंगविलेला होता, त्यावर शिवणही काढलेली होती. त्या जागी १९६२ पासून निवासी इमारती उभ्या आहेत आणि क्रीडांगणाचे नाव त्यांनाच देण्यात आले आहे.