रूथ मवाबी

जुन्या करारातले रूथचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे. फराळाचे ताट समोर येईपर्यंत वाचून व्हावे. सासू-सुनेच्या मायेची गोड गोष्ट म्हणून ते सांगितले जाते. मला मात्र ते चांगलेच धारदार वाटते. इस्राएलाचा कोण, रक्ताचा की श्रद्धेचा, हा तंटा त्याच्या पोटात आहे.

'अनुवाद' ग्रंथातला नियम असा की, मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंतही परमेश्वराच्या मंडळीत थारा नाही. एज्राच्या काळी तर परक्या बायका मुलांसकट घालवून देण्याचे ठरले. आणि इथे एक मवाबी विधवा माहेर सोडून नामीबरोबर बेथलेहेमची वाट धरते. सासूचा समाज पत्करते, मग तिचा देव. हा क्रम पाहण्याजोगा आहे!

तरीही कथाकार तिला 'मवाबी' म्हणणे सोडत नाही. वेशीत पंचांसमोर बवाज शेत सोडवतो, तेव्हाही नाही. लग्नाच्या वाक्यात मात्र ती नुसती 'रूथ' होते. एवढा एक शब्द गाळून त्याने निकाल दिला. तिचा पणतू दावीद राजा.

पण श्रद्धेच्या बाजूने साक्षीला बोलावली ती वंशावळच, हे मला खटकते. ती खोड पुढेही गेली नाही. आपल्या कोकणातून इस्राएलात गेलेल्या बेने इस्राएलांच्या लग्नांपूर्वी तिथल्या धर्मपीठाने १९६२ साली पूर्वजांची चौकशी आरंभली. ती मंडळी पुरती यहुदीच आहेत, असे १९६४ साली तिथल्या संसदेला सांगावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारी ही माणसे!