बाबा पदमनजींचे कादंबरीलेखन

बाबा पदमनजी मुळे (१८३१–१९०६) ह्यांची यमुनापर्यटन (१८५७) ही सामान्यतः मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी मानली जाते. तिचा लेखक नवख्रिस्ती होता, ही गोष्ट तिच्या गुणांच्या आणि दोषांच्याही मुळाशी आहे. पदमनजींचा जन्म बेळगावचा, कासार ज्ञातीतला. बेळगाव व मुंबई येथील मिशन शाळांत त्यांचे शिक्षण झाले. मुंबईत असताना परमहंस मंडळीशी त्यांचा संबंध आला व ३ सप्टेंबर १८५४ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ह्या मनःसंघर्षाचा वृत्तांत अरुणोदय ह्या त्यांच्या आत्मचरित्रात आला आहे. कादंबरी त्यांनी लिहिली ती त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास.

त्यांच्यापुढे मराठीत अनुकरण करण्याजोगे जवळजवळ काहीच नव्हते. जॉन बन्यनच्या रूपकथेचे हरि केशवजी ह्यांनी केलेले यात्रिकक्रमण (१८४१) हे भाषांतर उपलब्ध होते. बंगालीत श्रीमती मलेन्स ह्यांची फुलमणी व करुणा ह्यांची कथा १८५२ मध्ये निघाली होती. पहिल्यातून प्रवासाची चौकट सुचली असावी, असा तर्क करता येतो. मात्र बन्यनचा यात्रिक रूपकात्मक प्रदेशातून चालतो, तर यमुना व तिचा पती विनायक महाराष्ट्रातल्या खऱ्याखुऱ्या गावांतून फिरतात. पदमनजींची खरी झेप येथे आहे. १८५६ च्या विधवापुनर्विवाहाच्या कायद्यानंतर लगेच ही कादंबरी निघाली, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कायद्याने मोकळी केलेली वाट घराघरांत कशी बंदच होती, हे तिने दाखविले.

मिशन शाळेत शिकलेली यमुना व विनायक ह्या दोघांचाही ओढा मनातून ख्रिस्ती धर्माकडे आहे. परंतु सासरच्या घरात तो उघड करता येत नाही. प्रवासात त्यांना ठिकठिकाणी निरनिराळ्या विधवा भेटतात व त्यांच्या हकीकती कळतात. पुढे विनायक मरण पावतो आणि इतरांची दुःखे ऐकणारी यमुना स्वतःच त्यांच्यातली एक होते. केशवपनाची टांगती तलवार तिच्यावर येते. शेवटी ती ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. कथानकाची वीण सैल आहे; पण ऐकणारीवरच ऐकलेले ओढवावे, ही कल्पना साधी असूनही परिणामकारक आहे.

कादंबरीतील विधवांच्या हकीकती, सासुरवासाची वर्णने व बायकांची बोलणी ह्यांत लेखक आपल्या जगात असतो. भाषा तेथे घरगुती, नेमकी आणि न लाजणारी आहे. धर्मचर्चा सुरू झाली, की मात्र पात्रे प्रश्नोत्तरावलीतल्यासारखी बोलू लागतात आणि विरोधी पक्षाला चांगला युक्तिवाद क्वचितच मिळतो. हा दोष केवळ श्रद्धेचा म्हणता येणार नाही. खरी अडचण वाचकवर्गाची होती. ज्या हिंदू गृहस्थांच्या घरांत ही दुःखे होती, त्यांच्या दृष्टीने लेखक धर्मांतरित, म्हणून परका. आणि ज्या मिशनवर्तुळात पुस्तकाचे स्वागत होणार, तेथे कथेपेक्षा उपदेशाची अपेक्षा अधिक. एका वाचकासाठी जे लिहावे, ते दुसऱ्याला अपुरे वाटणार. पदमनजींनी दोघांसाठीही लिहिले. त्याचा जोड पानोपानी दिसतो, आणि तो लपविण्याची खटपट त्यांनी केलेली नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद करावयास हवे.

हरि नारायण आपटे ह्यांची पण लक्षांत कोण घेतो! ही कादंबरी १८९० पासून करमणूक साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिची नायिकाही यमूच, आणि विधवेच्या केशवपनाची क्रूरता हाच तिच्या कथेचा गाभा. आपट्यांच्या यमूला घराबाहेर वाट सापडत नाही. पदमनजींच्या यमुनेला ती धर्मांतरात सापडते. आधुनिक वाचकाला आपट्यांचा शेवट अधिक कलात्मक वाटतो व तो तसा आहेही. परंतु नायिकेला जिवंत आणि पुन्हा संसारात उभी राहिलेली दाखविण्याचे धाडस आधीच्या लेखकाने केले होते, हे सहसा विसरले जाते.

पदमनजींनी पुढे शंभराच्या आसपास लहानमोठी पुस्तके लिहिली. त्यांत कोश आहेत, नव्या करारावरील टीका आहे, निबंध व धर्मपर पुस्तिका आहेत. नियतकालिकेही त्यांनी चालविली. कादंबरीकार म्हणून मात्र त्यांचे नाव ह्या एकाच कृतीशी निगडित राहिले. पुण्यास धर्मोपदेशकाचे काम व नंतर धार्मिक प्रकाशनांचे संपादन ह्यांत त्यांची लेखणी गुंतली. संस्थेला हवे ते लिहिण्यात वर्षे गेली. ना. वा. टिळकांची कविता व लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे (१९३४–३६) ह्यांना ख्रिस्ती समाजाबाहेर जो आपुलकीचा वाचक लाभला, तो पदमनजींना त्यांच्या हयातीत फारसा लाभला नाही.

मुक्तामाला (१८६१) ह्या लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांच्या अद्‌भुतरम्य कादंबरीचा मार्गच पुढे काही दशके लोकप्रिय ठरला. भालचंद्र नेमाडे ह्यांनी यमुनापर्यटन, मुक्तामाला व मोचनगड (१८७१) ह्या तीन कादंबऱ्यांपासून मराठी कादंबरीच्या तीन वेगवेगळ्या प्रवृत्ती मानून वास्तवाभिमुख प्रवृत्तीचे मूळ पदमनजींकडे नेले, तेव्हापासून ह्या कृतीची चर्चा ‘पहिली कोणती’ ह्या काहीशा निष्फळ वादापलीकडे जाऊ लागली.